हायड्रेंजियाची तहान आणि नागपूरची हवा

गेल्या एप्रिलमध्ये वर्धा रोडवरच्या एका लॉनवर नात्यातलं लग्न होतं. स्टेजच्या मागे निळसर जांभळ्या फुलांचे गोळे लावले होते, एकेक गोळा फुलकोबीच्या गड्ड्याएवढा. नवरी निघाली आणि डेकोरेशनवाली पोरं सगळं उपसून पोत्यांत कोंबायला लागली. मला राहवेना. पाच दांड्या मागून घेतल्या, गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या टाकल्या आणि प्रतापनगरला घरी आले. पंचवीस मिनिटांचा रस्ता. दार उघडून पाहते तर पाचही फुलांनी माना टाकलेल्या. हात लावला तर पाकळ्या भिजलेल्या टिश्यू पेपरसारख्या लुळ्या.

गुलाब असं करत नाही. शेवंतीकडे तर चार दिवस कुणी पाहिलं नाही तरी ती तोंड वाकडं करत नाही. मग एवढं टपोरं फूल अर्ध्या तासात का बसलं? बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे असले प्रश्न मला झोपू देत नाहीत. पुढच्या वर्षभरात बरीच फुलं वाया घालवून एवढं कळलं की हे फूल ताजं ठेवायचं असो की वाळवायचं, हिशेब एकाच गोष्टीचा आहे: त्यातलं पाणी किती वेगानं उडतंय.

आधी फुलाची ओळख करून घेऊ. बुकेत दिसणारं हे मोठ्या गोळ्याचं हायड्रेंजिया मूळचं जपानचं. तिथे त्याला अजिसाई म्हणतात आणि ते जून-जुलैत, तिथल्या पावसाळ्यात फुलतं. आपल्याकडे उटी, दार्जिलिंग, शिमला अशा थंड आणि दमट डोंगरांत बंगल्यांच्या आवारात दिसतं. म्हणजे ज्या हवेत कपडे वाळत नाहीत त्या हवेतलं हे झाड. नावाचा अर्थ ग्रीक भाषेत 'पाण्याचं भांडं'. हे फूल फार पाणी पितं म्हणून असं नाव, असं बरेच जण सांगतात. खरं कारण वेगळं आहे. त्याचा बीजकोश छोट्या घागरीसारखा दिसतो, त्यावरून ते पडलं. पण पडलं ते अगदी शोभेसं.

आता पाकळ्या. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं आहेत. वांग्याच्या डोक्यावर हिरवी टोपी असते ना, ती निदलांचीच. हायड्रेंजियात तीच निदलं मोठी आणि रंगीत झाली आहेत. खरं फूल प्रत्येक चार निदलांच्या मधोमध मोहरीएवढ्या मण्यात असतं. दारातल्या बोगनवेलीचा प्रकारही याच्याच जवळचा, तिथे रंग फुलाचा नसून त्याभोवतीच्या पानांचा असतो. हे नुसतं परीक्षेपुरतं लक्षात ठेवायचं ज्ञान नाही, कारण या फुलाचे गुणदोष सगळे इथूनच येतात. निदल हे पानाच्या जातीचं. ते पाकळीसारखं चार दिवसांत गळून पडत नाही, वाळलं तर बोगनवेलीसारखं कागद होऊन जागेवर राहतं. पण पानाचा पसाराही त्यासोबत येतो, आणि जितका पसारा जास्त तितकं पाणी उडणार.

किती पसारा, म्हणून मी एक वाळलेला गोळा वर्तमानपत्रावर मोकळा करून मोजला. १४० छोटी फुलं निघाली, प्रत्येकाची चार निदलं, म्हणजे ५६०. शेजारी शेजारी मांडली तर वर्तमानपत्राचं एक पान जवळपास झाकलं गेलं. हे सगळं ज्या देठावर उभं असतं तो पेन्सिलीएवढा जाड.

आणि समोर आहे नागपूरची हवा. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. ४५ अंशांना तेवढ्याच हवेत ६५ ग्रॅम मावते. आता जपानी पावसाळा सोडा, साधा डोंगरातला दिवस धरा: २० अंश, आर्द्रता ६० टक्के. हवेच्या पोटात ७ ग्रॅमची जागा रिकामी. नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली दुपार धरा: ४५ अंश, आर्द्रता २० टक्के. रिकामी जागा ५२ ग्रॅम. हवेची भूक सातपट! अंगणात टाकलेला ओला पंचा मे महिन्यात पंधरा मिनिटांत कडक होतो तो याच कारणानं, आणि तोच पंचा आपण फुलदाणीत उभा करून ठेवतो.

बरं, देठानं पाणी वर चढवायला काय हरकत आहे? चढवतो की. निदलांतून पाणी उडालं की त्या ओढीनं खालून पाणी वर येतं, याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. देठात केसाहून बारीक जलवाहिन्या असतात आणि पाण्याचा अखंड धागा त्यांतून वर खेचला जातो. अडचण होते धागा तुटला की. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी मोटर लावून पाणी ओढावं लागतं त्यांना हे सांगायला नको. पाइपात हवा धरली की मोटर नुसती घुंई घुंई करत बसते आणि पाणी थेंबभर येत नाही. देठ हवेत कापला किंवा पाण्याबाहेर राहिला की कापल्या तोंडातून हवा आत शिरते आणि जलवाहिनीत बुडबुडा बसतो. माझ्या पाच दांड्या गाडीत पंचवीस मिनिटं कोरड्या पडून होत्या, वरून एसीचा झोत. दुसरं काय होणार होतं.

हायड्रेंजियाची अजून एक खोड म्हणजे चिकटपणा. कापल्या जागी बुळबुळीत द्रव जमतो आणि तोंड बंद करतो. या घराण्यातल्या एका जातीच्या सालीतला असा चिकट रस जपानमध्ये हातकागद बनवताना लगद्यात घालतात, तंतू पाण्यात नीट पसरावेत म्हणून. कागदवाल्याच्या कामाचं, फुलदाणीच्या मुळावर येणारं.

त्या रात्री मी दांड्या तशाच पाण्यात ठेवून झोपले. सकाळी आणखी बसलेल्या. सीताबर्डीच्या फूलबाजारात गेले तर फूलवाल्यानं हातातली निशिगंधाची जुडी खाली न ठेवता सांगितलं, "मॅडम, याची मुंडी बुडवा बकेटीत. दांडी नाही, मुंडी! अर्धा-पाऊण तास राहू द्या. उठते पाहा."

घरी येऊन आंघोळीच्या बकेटीत साधं पाणी घेतलं. गोळे तरंगतात, म्हणून वर ताटली ठेवली. पाऊण तासानं पाचांतले चार उठले होते. उचलताना जाणवलं, मघाचा टिश्यू पेपर आता मेणकापडासारखा ताठ झाला होता आणि प्रत्येक निदलावर पाण्याचे मणी उभे होते. पाचवा गेला तो गेलाच. यामागचं कारण साधं आहे. पाण्याखाली हवाच नाही, म्हणजे पाणी उडायचं बंद. शिवाय निदलं थोडं पाणी वरूनही शोषून घेतात. खर्च थांबला की उधारी फिटायला वेळ मिळतो. पण रात्रभर बुडवून ठेवू नका, निदलं काचेसारखी पारदर्शक होऊन सडायला लागतात.

डोकं उठवलं, आता देठ. पसरट भांड्यात पाणी घ्यायचं, देठाचं टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीनं दोन सेंटीमीटर तिरकं कापायचं. नीट पाहिलं तर कापताना बारीक बुडबुडे निघताना दिसतात, तीच ती अडकलेली हवा. बोथट कात्री वापरू नका, ती कापण्याऐवजी चिरडते. मग टोकाचे दोन-तीन सेंटीमीटर नुकत्याच उकळलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचे, फुलाला वाफ लागू नये म्हणून दांडी तिरपी ठेवून. गरम पाण्यानं चिकट द्रव सुटतो, तोंडाशी बसलेले जंतू मरतात. दुसरा उपाय तुरटीचा. कापलेलं टोक तुरटीच्या पुडीत बुडवायचं आणि फुलदाणीत ठेवायचं. दोन्ही करायची गरज नाही. मला तुरटी बरी वाटते, कारण ती घरात असतेच आणि बोटं भाजत नाहीत. तुरटीनं पाणी आम्लधर्मी होतं, जंतूंची वाढ मंदावते, देठाचं तोंड उघडं राहतं.

तुरटीत ॲल्युमिनियम असतं, आणि हायड्रेंजियाचं निळेपण ॲल्युमिनियमवरच चालतं. गुलाबी आणि निळ्या फुलांतलं रंगद्रव्य एकच. माती आम्लधर्मी असेल तर तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळून झाडात जातं आणि फूल निळं होतं. माती अल्कधर्मी असेल तर ते मातीतच अडकून राहतं आणि फूल गुलाबी. विदर्भातली काळी माती अल्कधर्मी, त्यामुळे नर्सरीतून निळं म्हणून आणलेलं झाड कुंडीतल्या आपल्या मातीत हळूहळू गुलाबीकडे सरकतं, आणि लोक नर्सरीवाल्याला फसवलं म्हणून शिव्या घालतात. कापलेल्या फुलाच्या देठाला तुरटी लावून मात्र ते निळं होत नाही. माझ्या नणंदेनं तीन दिवस वाट पाहिली.

फुलदाणीतल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पानं जवळपास सगळी काढा, तीही पाणी उडवतात. पाणी रोज बदला, देठ दोन दिवसांनी पुन्हा जरासा कापा. फुलांचं तयार औषध मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि जंतूंसाठी अर्धा छोटा चमचा कपड्यांचं ब्लीच. ब्लीच आधी पाण्यात मिसळायचं, नुसत्या लिंबाच्या रसात ओतायचं नाही, विषारी वायू निघतो. साखर एकटी घालाल तर जंतूंची पंगत बसेल. आंब्यांची पेटी असलेल्या खोलीत फुलदाणी नको, पिकत्या आंब्यातून निघणारा इथिलीन वायू बऱ्याच फुलांना लवकर म्हातारं करतो.

जागेचा मुद्दा मात्र मोठा, आणि इथे आपल्या कूलरला मान द्यायला हवा. आपण त्याला थंडाव्यासाठी ओळखतो, पण ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमटही असते. कूलरच्या खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर मघाच्या हिशेबानं हवेची रिकामी जागा ९ ग्रॅम. ५२ वरून ९! जवळजवळ डोंगरातली हवा झाली. एसी थंड करतो पण ओलावा काढून घेतो, म्हणून २४ अंशांतही फुलाला तितका आराम नाही. फूल कूलरच्या खोलीत ठेवा, फक्त झोतासमोर नको. माझे चार गोळे असे एप्रिलच्या शेवटी सहा दिवस टिकले. डिसेंबरात दहा दिवस काढले आहेत.

सहाव्या दिवशी मी शहाणपणा केला. गच्चीवर सासूबाईंच्या कुरोड्या वाळत होत्या. त्यांच्याच शेजारी साडीवर दोन गोळे ठेवून दिले. नागपूरच्या उन्हात काय वाळत नाही?

"काय करून राहिली वो?" आई जिन्यातूनच म्हणाल्या. "फुलांचे पापड टाकून राहिली काय?"

"वाळवून पाहते, आई."

"अवो, मेथी कोणी उन्हात टाकते काय? रंग उडते तिचा. हे त फूल आहे."

चार वाजता पाहिलं तर दोन्ही गोळे उकळलेल्या चहापत्तीच्या रंगाचे, निदलं आतल्या आत गुंडाळलेली. आईंनी पुढे काही म्हटलं नाही, कुरोड्या पलटवत राहिल्या.

वाळवणाचं शास्त्र त्यांना हातानं माहीत आहे. कुरोडी, पापड, सांडगे यांना ऊन हवं. मेथी, पुदिना, कढीपत्ता सावलीत. भंडारा-गडचिरोलीकडे मोहफुलं उन्हात पसरून वाळवतात, पण तिथे रंग किंवा आकार कुणाला हवा असतो? हायड्रेंजियाचा तर रंग आणि आकारच ठेवायचा आहे. उन्हानं रंगद्रव्य मोडतं, म्हणून अंधार. आकाराचं कारण थोडं खोलात आहे. प्रत्येक पेशी म्हणजे पाण्यानं फुगवलेली पिशवी, आणि तिच्याबाहेर एक चिवट भिंत. पाणी हळूहळू गेलं तर भिंत आहे त्या आकारात कडक व्हायला वेळ मिळतो. झपाट्यानं गेलं तर पिशवी आत ओढली जाते आणि भिंत तिच्यासोबत चुरगळते. पापडही कडक उन्हात एकदम टाकला की कडा वळतात, तेच हे.

म्हणून बाहेरच्या देशांत लिहिलेली सर्वांत सोपी रीत, फुलदाणीत पाच-सात सेंटीमीटर पाणी ठेवायचं, पुन्हा भरायचं नाही आणि पाण्यासोबत फूलही आपोआप वाळू द्यायचं, ही नागपुरात वर्षभर चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रात्री थंड, हवा कोरडी पण भुकेली नाही. दोन-तीन आठवड्यांत गोळा उभ्याउभ्या कागद होतो. मार्चनंतर पाणी संपण्याआधीच मान वाकते. तेव्हा उलटं टांगायचं: एकेक दांडी सुतळीनं बांधून, कपाटात किंवा आतल्या काळोख्या खोलीत, पंखा बंद ठेवून. उलटं यासाठी की देठ मऊ पडला तरी डोक्याचं वजन त्याला सरळच ठेवतं. आमच्याकडे कोठीच्या खोलीत उन्हाळ्यात आठ दिवस लागले. देठ वाकवल्यावर काडीसारखा कट्‌कन मोडला की झालं समजायचं.

फूल कोणतं निवडता यावर निम्मं यश असतं. लग्नातली फुलं ताजी टवटवीत, म्हणजेच कोवळी, आणि कोवळं निदल कसंही वाळवा, आकसतंच. वाळवायला जून झालेलं फूल हवं. बोटानं चोळलं तर किंचित खरखरतं, रंगात हिरवट किंवा विटकरी झाक आलेली असते, मधले मणी उमललेले असतात. दुकानात असं फूल लोक शिळं समजून बाजूला ठेवतात. तुम्ही तेच मागा, स्वस्तही मिळेल.

कोवळं फूलच हाताशी असेल तर त्याला आधार देऊन वाळवावं लागतं. कन्हान नदीची बारीक वाळू धुऊन, चाळून, गच्चीवर खडखडीत वाळवून घ्या. डब्यात तळाशी थर द्या, फूल उभं ठेवा आणि चमच्यानं कडेकडेनं वाळू सोडत निदलांच्या फटी भरा. ओतू नका, वजनानं सगळं दबतं. डबा उघडा ठेवायचा, कारण वाळू स्वतः ओलावा फारसा पीत नाही, ती नुसतं निदलांना धरून ठेवते. दोन आठवडे तरी धरा. घाई असेल तर वाळूऐवजी बारीक सिलिका जेल, आणि मग झाकण घट्ट. चार ते सात दिवसांत काम होतं आणि रंग सर्वांत चांगला राहतो. त्यातले निळे खुणेचे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात (हायड्रेंजियाचीच नक्कल, फक्त कारण निराळं). त्या दाण्यांत कोबाल्ट असतं, मुलांच्या हाती देऊ नका. जेल महाग आहे, पण ओव्हनमध्ये गरम करून पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकाचं भांडं मात्र त्याला देऊ नका.

ग्लिसरीनची रीतही आहे: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात देठ. फूल पाण्याऐवजी ग्लिसरीन भरून घेतं आणि मऊ राहतं. रंग तपकिरी होतो आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून निदलं ओशट, घामेजलेली होतात. आपल्याकडे मला हे पटलेलं नाही.

पत्रीत, नैवेद्याच्या ताटाभोवती किंवा केकवर हे फूल मांडू नका. पानं आणि कळ्यांमध्ये पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. फुलं कुरतडणारं मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर वाळलेला गुच्छही उंचावर ठेवा.

आणि मृग लागायच्या आधी सगळं आवरा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते, वाळलेलं निदल ती परत पितं, मऊ पडतं, आठवड्याभरात मधल्या मण्यांवर पांढरी बुरशी दिसते. पापडाच्या डब्याला आपण जे करतो तेच इथे करायचं. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून प्लास्टिक लावते, सिलिका जेलच्या चार पुड्या टाकते, कडेला टेप मारून माळ्यावर ठेवते आणि नवरात्रात उघडते. गेल्या वर्षीच्या चार गोळ्यांपैकी दोन गच्चीवरच्या उन्हानं नेले. कोठीत वाळलेले दोन शिल्लक आहेत, एकाचा जांभळा रंग अजून ओळखू येतो, दुसरा जुन्या कागदासारखा पिवळट झालाय. तो या दिवाळीच्या साफसफाईत कुस्करून कुंडीत जाईल.